गोमेला पाय किती?

आम्ही शाळेत शिकवत होतो तेव्हा दर पावसाळ्यात मुलांना एक प्रश्न घालत असू. गोमेला पाय किती? मुले एका सुरात ओरडत, "शंभर!" कोणी हजारही म्हणे. मोजले मात्र कोणीच नव्हते. एकदा एका मुलाने मेलेली गोम कागदाच्या पुडीत घालून आणली. आम्ही ती पाटीवर ठेवली आणि टाचणीने एकेक पाय बाजूला करत मोजले. २१ जोड्या भरल्या. म्हणजे ४२ पाय. वर्ग गप्प झाला.

मग शंभर आले कुठून? ते नावातून आले. संस्कृतात गोमेला शतपदी म्हणतात. शत म्हणजे शंभर, पद म्हणजे पाय. इंग्रजीत तिला सेंटिपीड म्हणतात. हा शब्द लॅटिन या युरोपातल्या जुन्या भाषेतून आला. त्या भाषेत सेंटम म्हणजे शंभर आणि पेस म्हणजे पाय. शिंप्याच्या टेपेवरचे सेंटिमीटर तुम्ही पाहिले असतील. सेंटिमीटर म्हणजे मीटरचा शंभरावा भाग. त्यातला सेंटी तो हाच. संस्कृत आणि लॅटिन या दूरच्या बहिणीच आहेत. शत आणि सेंटम, पद आणि पेस हे शब्द एकाच मुळातून निघाले.

पण नाव ठेवणाऱ्यांनी पाय मोजले नव्हते. "तुला शंभरदा सांगितलं" असे आपण म्हणतो, तेव्हा मोजून थोडेच सांगितलेले असते! शंभर म्हणजे पुष्कळ, इतकेच.

गोमेच्या जाती अनेक आहेत. काहींना पायांच्या १५ जोड्या असतात, तर काहींना १९१ पर्यंत. पूर्ण वाढलेल्या गोमेच्या जोड्यांचा आकडा जवळजवळ नेहमी विषम असतो. शंभर पायांना ५० जोड्या लागतील, आणि ५० तर सम. तेव्हा नेमक्या शंभर पायांची गोम मिळणे कठीणच.

हजार म्हणणारी मुले बहुधा वाणीला गोम समजत. पावसात पायवाटेवर दिसणारा, हात लावताच पैशासारखा गोल होणारा किडा तो वाणी. त्याचे अंग नळीसारखे गोल असते. बहुतेक वळ्यांना पायांच्या दोन दोन जोड्या असतात. तो सावकाश चालतो, कुजका पाला खातो, चावत नाही. त्याला उगाच चिरडू नये. (२०२१ साली ऑस्ट्रेलियातल्या अशाच एका किड्याचे पाय मोजले, ते १,३०६ भरले!) गोम चपटी असते. तिच्या एका वळ्याला एकच जोडी, आणि ती सरसर पळते.

आता गोमेची खरी गोम सांगतो. शेपटीकडचे जाड पाय पाहून लोकांना वाटते, नांगी तीच. तसे नाही. डोक्याखाली पायांची जी पहिली जोडी, तिच्या आकड्या झाल्या आहेत. विष त्यांत असते. त्या आकड्यांनी ती झुरळे आणि इतर किडे धरते. तिच्या अंगातले पाणी लवकर सुकते. म्हणून दिवसा ती दगडाखाली, ओल्या लाकडाखाली, गोवऱ्यांच्या ढिगात दडून राहते. तिथे आपला हात पडला की ती चावते. मोठ्या गोमेची मादी तर अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते. पिल्ले निघून सुटी होईपर्यंत ती हलत नाही.

गोम चावली तर आग फार होते, सूज येते. पण माणूस दगावणे फार विरळा. जागा साबणाने आणि पाण्याने धुवावी. चुना, शेण काही लावू नये. चावलेले मूल लहान असेल, सूज वर चढत असेल किंवा दम लागत असेल, तर लगेच डॉक्टरकडे न्यावे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. रात्री अंधारात काही चावले, दुखत फारसे नाही, आणि घरातली माणसे म्हणतात, "गोमच असेल, झोप आता." असे झोपू नका. गोम चावली तर सहसा झोप लागत नाही, इतके दुखते. मण्यार हा साप चावला तर दुखतही नाही आणि सूजही बहुधा येत नाही. पुढे काही तासांनी पोटात दुखते, पापण्या जड होतात, श्वास अडतो. चावणारा डोळ्यांनी दिसला नसेल तर त्याच रात्री सरकारी दवाखाना गाठावा. मांत्रिकाकडे वाटेत थांबू नये.