कुत्र्याच्या डब्याची पारख

१६ मार्च २००७ रोजी कॅनडातील ‘मेनू फूड्स’ या कंपनीने कुत्र्यामांजरांच्या अन्नाचे सहा कोटींहून अधिक डबे आणि पाऊच बाजारातून परत मागवायला सुरुवात केली. एकाच कंपनीत तयार झालेले हे अन्न कितीतरी वेगवेगळ्या नावांनी विकले जात होते. त्यात स्वस्त नावे होती, तशीच महागडीही. ते खाणारी जनावरे जेवण सोडत, सारखे पाणी पीत आणि मूत्रपिंडे निकामी होऊन दगावत. तपासात कारण सापडले. गव्हाचे ग्लूटेन म्हणून चीनमधून आलेल्या मालात मेलामाइन मिसळलेले होते. ज्याच्यापासून न फुटणाऱ्या ताटवाट्या बनतात, तेच हे रसायन. सोबतच्या सायन्युरिक आम्लाशी जोडले जाऊन त्याचे न विरघळणारे स्फटिक बनत आणि मूत्रपिंडाच्या बारीक नलिकांत अडकून बसत.

मेलामाइन मिसळण्यात फायदा काय होता? अन्नातील प्रथिने मोजण्याची रूढ पद्धत डॅनिश रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये शोधली. तिच्यात प्रथिन थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. मेलामाइनमध्ये वजनाने सुमारे ६६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे शंभर ग्रॅम मेलामाइन प्रयोगशाळेच्या कागदावर चारशे ग्रॅमहून अधिक ‘प्रथिन’ होऊन उमटते. पुढच्याच वर्षी चीनमध्ये हीच भेसळ तान्ह्या बाळांच्या दुधाच्या भुकटीत निघाली आणि सुमारे तीन लाख बाळे आजारी पडली. कुत्र्यांच्या अन्नाची तपासणी हा हौशी लोकांचा विषय आहे, असे मानणाऱ्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा.

त्या डब्यांवर प्रथिनांचा आकडा होता, घटकांची यादीही होती. दोन्ही वाचून कोणाला काही कळले नसते. म्हणून डब्याची पारख करताना दोन प्रश्न एकत्र विचारावे लागतात: यात काय आहे, आणि त्याची हमी कोण घेते?

आधी पाणी वजा करा

डबाबंद अन्नात साधारण तीन चतुर्थांश पाणीच असते. त्यामुळे डब्यावर ‘प्रथिने ८ टक्के’ आणि कोरड्या दाण्यांच्या पिशवीवर ‘२६ टक्के’ असे वाचून डबा निकस ठरवणे चूक आहे. ७८ टक्के पाणी असलेल्या डब्यात कोरडा भाग २२ टक्के उरतो. ८ ला २२ ने भागले की कोरड्या भागातील प्रथिने ३६ टक्के निघतात. दाण्यांत पाणी १० टक्के धरले, तर तिथे हा आकडा २९ च्या आसपास येतो.

पण इथेही थांबू नये. समजा, त्या डब्यात ६ टक्के स्निग्धांश, १ टक्का तंतू आणि अडीच टक्के राख, म्हणजे खनिजे आहेत. उरलेले साडेचार टक्के म्हणजे कर्बोदके. प्रथिने आणि कर्बोदकांना ग्रॅममागे साडेतीन, स्निग्धांशाला साडेआठ कॅलरी धरल्या, तर शंभर ग्रॅममध्ये सुमारे ९५ कॅलरी होतात. याचा अर्थ शंभर कॅलरींमागे ८.४ ग्रॅम प्रथिने. साधारण कोरड्या अन्नात याच हिशेबाने साडेसात-आठ ग्रॅम येतात. कोरड्या भागाच्या तुलनेत मोठा दिसणारा फरक इथे बराच आटतो, कारण डब्यात स्निग्धांशाचे प्रमाण जास्त असते. कुत्रा पोट भरतो ते कॅलरींच्या हिशेबाने, म्हणून खरी तुलना कॅलरीमागेच करावी.

दहा किलोच्या प्रौढ, नसबंदी झालेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण ६३० कॅलरी लागतात. वरच्या गणिताने असे अन्न साडेसहाशे ग्रॅमहून जास्त, म्हणजे ४०० ग्रॅमच्या दीड डब्यांहून अधिक होते. अर्धा डबा घालून ‘आमचा कुत्रा डब्यावरच आहे’ म्हणणाऱ्या घरात बाकीचे पोट पोळी-बिस्किटांनीच भरत असते.

घटकांची यादी काय सांगते

यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते आणि ते वजन शिजवण्यापूर्वीचे, पाण्यासकट असते. ताज्या कोंबडीत सुमारे ७० टक्के पाणी असते, त्यामुळे ती सहज पहिल्या क्रमांकावर येते. वाटाण्याचे प्रथिन, वाटाण्याचा स्टार्च आणि वाटाण्याचे तंतू अशा तीन ओळी केल्या की तोच वाटाणा यादीत खाली ढकलला जातो.

नावातही हिशेब असतो. पशुखाद्यावर देखरेख करणाऱ्या अमेरिकी अधिकाऱ्यांची ‘आफको’ ही संघटना १९०९ पासून आहे. तिच्या नियमांनुसार डब्याचे नाव नुसते ‘चिकन’ असेल, तर पाणी वगळून ९५ टक्के चिकन हवे. ‘चिकन डिनर’ म्हटले की २५ टक्के चालते. ‘विथ चिकन’ला तीन टक्के पुरतात आणि ‘चिकन फ्लेवर’ला फक्त चव जाणवली म्हणजे झाले. आयात केलेला डबा हातात घेताना हे चार प्रकार पाठ असावेत.

‘बायप्रॉडक्ट’ म्हटले की अनेक जण नाक मुरडतात. कलेजी, फुप्फुस, गुर्दा, प्लीहा, साफ केलेली वजडी हे सारे त्यात येते. केस, शिंगे, दात, खूर येत नाहीत. आपल्याकडे कलेजी आणि वजडी आवडीने खाणाऱ्यांनी कुत्र्याच्या वाटणीच्या कलेजीला कचरा म्हणू नये. हरकत घ्यायचीच, तर प्राण्याचे नाव न घेता नुसते ‘मीट’ लिहिण्याला घ्यावी. धान्याचेही तसेच. कुत्र्याने माणसाच्या सहवासात स्टार्च पचवण्याची क्षमता कमावली आहे. लांडग्याच्या तुलनेत त्याच्यात अमायलेज बनवणाऱ्या जनुकाच्या कितीतरी जास्त प्रती असतात, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले.

रस्सा दाट करणारा ‘ग्वार गम’ म्हणजे आपल्या गवारीच्या बियांचा डिंक. जगातील बहुतेक गवार भारतात, तीही मुख्यतः राजस्थानात पिकते. हा डिंक विषारी नाही, पण जास्त झाला तर काही कुत्र्यांची शी पातळ होते. डबा बदलल्यावर पोट बिघडले, तर मांसाबरोबर या ओळीकडेही पाहावे.

सर्वांत मोलाची ओळ

लेबलावरची सर्वांत मोलाची ओळ बहुधा सर्वांत बारीक अक्षरांत असते. हे अन्न ‘संपूर्ण व संतुलित’ आहे का, कोणत्या वयासाठी, आणि ते कशावरून ठरवले, हे ती सांगते. फक्त पूरक म्हणून बनवलेला डबा रोजचे जेवण होऊ शकत नाही. आफकोच्या निकषांत कोरड्या भागात प्रौढ कुत्र्यासाठी किमान १८ टक्के, तर वाढत्या पिल्लासाठी २२.५ टक्के प्रथिने लागतात. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी कॅल्शियमची कमाल मर्यादा १.८ टक्के आहे, कारण जास्तीचे कॅल्शियम त्यांच्या हाडांची वाढ बिघडवते. वरून कॅल्शियमचे औषध पाजणाऱ्यांनी हे मुद्दाम वाचावे.

हमी दोन प्रकारांनी मिळते: आकडेमोड करून किंवा प्रत्यक्ष खाऊ घालून. प्रौढ कुत्र्यांच्या चाचणीत किमान आठ कुत्री २६ आठवडे तेच अन्न खातात. ही चाचणी आयुष्यभराची खात्री देत नाही, पण अन्न अंगी लागते की नाही, हे तिच्यातून दिसते.

डबा बंद करून मग दाबाखाली सुमारे १२० अंश तापमानाला शिजवला जातो. बोट्युलिझमचे जंतू त्यात मरतात, म्हणून न उघडलेल्या डब्याला परिरक्षक लागत नाहीत. पण याच उष्णतेत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, बरेच नष्ट होते. ते आधीच जादा घालावे लागते, आणि जीवनसत्त्वे घालणाऱ्याचा हात चुकला तर काय होते, हे २०१९ मध्ये दिसले. ‘हिल्स’ या नामवंत कंपनीला ड जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर गेल्यामुळे डबे परत मागवावे लागले. चूक पुरवठादाराकडून आलेल्या जीवनसत्त्वांच्या मिश्रणात होती. घटकांच्या यादीत ते नेहमीसारखेच एका ओळीत बसले होते.

म्हणून जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटना ग्राहकांना कंपनीलाच प्रश्न विचारायला सांगते: पाककृती ठरवणारे पोषणतज्ज्ञ कोण आहेत, त्यांचे शिक्षण काय, अन्न बनते कुठे, कच्चा आणि तयार माल कसा तपासला जातो, कॅलरी किती? उत्तर देणारी कंपनी आणि गप्प बसणारी कंपनी यांतला फरक डब्यावरच्या चित्रापेक्षा मोठा आहे.

आपल्याकडे काय?

भारताच्या २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात अन्नाच्या व्याख्येतून पशुखाद्य वगळले आहे. आपल्या बिस्किटाच्या पुड्यावर जी देखरेख आहे, ती कुत्र्याच्या डब्यावर नाही. भारतीय मानक ब्युरोचे त्यासाठी मानक आहे. पण सरकारने सक्तीचे केल्याशिवाय अशी मानके ऐच्छिकच राहतात. यावर ‘मग घरचेच घालू’ हे उत्तर पुरेसे नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी कुत्र्यांसाठीच्या घरगुती जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या, तेव्हा ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक पोषकद्रव्य कमी निघाले. नुसता दूधभात किंवा पोळी हेही पूर्ण जेवण नव्हे.

पाळीव प्राण्यांच्या अन्नाचे मानक सक्तीचे व्हावे आणि प्रत्येक डब्यावर कॅलरी, वयोगट व पोषणाची हमी ठळक छापली जावी, ही मागणी पशुवैद्यकांनी, प्राणिमित्र संस्थांनी आणि ग्राहक संघटनांनी एकत्र येऊन लावून धरली पाहिजे. तोवर हे काम आपल्यालाच करावे लागेल. पुढचा डबा घेण्यापूर्वी तो उलटा करा, पाणी वजा करा, ‘संपूर्ण व संतुलित’ ही ओळ शोधा आणि कंपनीला एक पत्र लिहा. कुत्र्याला लेबल वाचता येत नाही. त्याच्या वतीने ते वाचणे ही त्याला घरात आणणाऱ्याची जबाबदारी आहे.