वही ढगात, किल्ली कोणाकडे?

महाळुंग्यात इमारती वाढल्या तशी फर्निचरची, फॅब्रिकेशनची दुकानेही वाढली. आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील असेच एक दुकान चालवीत. मागच्या वर्षी त्यांचे अचानक निधन झाले. सारा हिशोब क्लाउडवर. पासवर्ड त्यांनाच ठाऊक, ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर, आणि मोबाइलचे कुलूप उघडेना. दाखल्यासाठी शाळेत आलेल्या त्यांच्या पत्नीने आम्हाला विचारले, "सर, कोणाचे देणे राहिले, हे आता कळायचे कसे?"

वारसा वाटण्याआधी मरहूमचे कर्ज फेडावे लागते, हे आपल्या घरांत सर्वांना माहीत असते. उधारी लिहून ठेवण्याची ताकीद तर कुरआनच्या सर्वांत दीर्घ आयतीत (सूरह अल्-बकरा, २८२) आहे. इथे लिहिलेले होते, पण वाचता येत नव्हते.

म्हणून क्लाउड वाईट, असे आम्ही म्हणणार नाही. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतले, इंटरनेटने जोडलेले संगणक. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतात अशी तीन केंद्रे सुरू केली, त्यांतले एक पुण्याचेच. दुकानात पाणी शिरले, संगणक बिघडला, तरी हिशोब शाबूत राहतो. करसल्लागार आपल्या जागेवरून आकडे पाहतो. नोंद कोणी, केव्हा बदलली याचा माग ठेवणारे सॉफ्टवेअर कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचे आहे. लहान दुकानाला ही सक्ती नाही, पण दोन भाऊ भागीदार असतील तर ती सोय जरूर घ्यावी. पुष्कळ भांडणे वाचतील!

धास्तीही खरी आहे. जुलै २०२४ च्या अखेरीस लहान बँकांना संगणकसेवा पुरवणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाला आणि सुमारे ३०० बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. दुसऱ्याच्या संगणकावर विसंबले की असेही होते. कंपन्यांनी हिशोबाची प्रत रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवावी, असा नियम २०२२ मध्ये आला. दुकानदाराला ते कोण सांगणार? त्याने निदान महिन्याची प्रत उतरवून घरी ठेवावी.

त्या घरी शेवटी करसल्लागार मदतीला आला. पुरवठादारांनी जीएसटीत भरलेल्या बिलांवरून खरेदी कळली, बँकेच्या उताऱ्यावरून फेड कळली. हातउसने मात्र कुठेच सापडेनात. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीत पुकारावे लागले: ज्यांचे घेणे असेल त्यांनी यावे. चौघे आले.

आता दुकान मुलाचे चुलते पाहतात. पासवर्डचा बंद लिफाफा वहिनींच्या कपाटात असतो, आणि ओटीपीसाठी दुसरा नंबर त्यांचाच दिलेला आहे.