माहितीची दुसरी प्रत

आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहितावाचता येत नव्हते. त्यांना सुचलेल्या ओव्यांपैकी घरच्यांनी ज्या टिपून ठेवल्या, त्याच १९५२ साली पुस्तकरूपाने आपल्यापर्यंत आल्या. बाकीच्या त्यांच्याबरोबरच गेल्या. एकच प्रत असलेल्या माहितीचे असे होते. आज आपल्या शाळांचे निकाल आणि दाखल्यांच्या नोंदी संगणकात असतात. त्यांची दुसरी प्रत ठेवण्यासाठी बाह्य हार्ड डिस्क घेतात. ती कशी निवडावी, ते पाहू.

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेपाच्या तबकड्या मिनिटाला साधारण ५४०० फेरे घेत असतात. वाचन-लेखन करणारे शीर्ष तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगते. आपला केसच हजारो नॅनोमीटर जाड असतो! म्हणून चालू डिस्क पडली, की शीर्ष तबकडीला घासून माहिती नष्ट होऊ शकते. एसएसडीत फिरणारा भाग नसतो. माहिती विद्युतप्रभाराच्या रूपात साठवलेली असते. ती धक्के सोसते. पण वीज न देता दीर्घकाळ ठेवल्यास प्रभार हळूहळू गळतो आणि उष्णतेत तो अधिक वेगाने गळतो. यावरून ने-आण करायची असेल तर एसएसडी आणि कपाटात ठेवायची असेल तर हार्ड डिस्क बरी, असे म्हणता येईल.

खानदेशात उष्णतेचा विचार करावाच लागतो. अनेक बाह्य डिस्कच्या माहितीपत्रकात वापराची कमाल तापमानमर्यादा ३५ अंश सेल्सिअस दिलेली असते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात दुपारी पारा ४४-४५ अंशांवर जातो. तेव्हा प्रत सकाळी घ्यावी आणि काम होताच डिस्क काढून ठेवावी. पत्र्याच्या खोलीत ती ठेवू नये.

एक टेराबाइटची डिस्क संगणकावर ९३१ गिगाबाइट दिसते. ही फसवणूक नव्हे. उत्पादक १०००च्या पटीत मोजतो, संगणक १०२४च्या. मात्र फारच स्वस्त 'मोठी' डिस्क बनावट असू शकते. ती पूर्ण भरून फाइली परत उघडून पाहाव्यात. हमीपत्राने नवी डिस्क मिळते, गेलेली माहिती नव्हे.

आता थोडे गणित करू. मोठ्या माहिती-केंद्रांच्या प्रसिद्ध आकडेवारीनुसार वर्षाला शंभरांत सुमारे दीड हार्ड डिस्क बिघडतात. दोन डिस्क एकाच वर्षी बिघडण्याची संभाव्यता ०.०१५ × ०.०१५ = ०.०००२२५, म्हणजे दहा हजारांत दोन-सव्वादोन. पण हा गुणाकार दोन्ही घटना परस्परांवर अवलंबून नसतील तरच खरा. एकाच कपाटातल्या दोन डिस्कना आग, पूर किंवा चोर एकदमच गाठतो. म्हणून दुसरी डिस्क वेगळ्या कंपनीची घ्यावी व दुसऱ्या गावी ठेवावी. जळगावची धुळ्याला राहिली तरी उत्तम!

धुळ्यात ज्यांच्या नावाने १९२७ पासून संशोधन मंडळ उभे आहे, त्या इतिहासाचार्य राजवाडे यांनी जमवलेली कागदपत्रे २२ खंडांत छापली आणि त्यांच्या प्रती गावोगावी पोहोचल्या. तत्त्व तेच आहे. कोणतीही डिस्क चिरंजीव नाही. विश्वास डिस्कवर नव्हे, प्रतींच्या संख्येवर व अंतरावर ठेवावा. दर सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांकडून प्रतीतल्या चार फाइली उघडून पाहण्याचा परिपाठ शाळेने ठेवावा.