योजनेतला पेशंट, रोखीतला पेशंट

हिंगोलीला अखेर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं. ९ ऑक्टोबर २०२४ला पंतप्रधानांनी राज्यातल्या ज्या दहा नव्या महाविद्यालयांचं उद्घाटन केलं, त्यात हिंगोलीही होतं. अशा वेळी खाटा मोजल्या जातात, प्रवेशाच्या जागा मोजल्या जातात. आलेल्या माणसाशी दवाखान्यात कोण कसं बोलतं, याचा रकाना सरकारी तक्त्यात नसतो. तो हिशेब वारंगा फाट्यासारख्या गावांनीच ठेवलेला आहे, आणि तो फारसा गोड नाही.

नांदेड-हिंगोली आणि नागपूर-तुळजापूर हे दोन रस्ते वारंगा फाट्यावर भेटतात. खिचडीसाठी ट्रकवाल्यांपासून मंत्र्यांपर्यंत सगळे थांबतात. तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली. पण दुखणं हाताबाहेर गेलं की गाडी वळते नांदेडकडे. आखाडा बाळापूरच्या ग्रामीण रुग्णालयानंतर ‘पुढे न्या’ म्हणजे नांदेडच. १ मे १९९९ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, कलेक्टर कचेरी बदलली. आजाऱ्याची वाट तीच राहिली.

जीवनदायी योजनेआधीच्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. नांदेडचं वैद्यकीय महाविद्यालय १९८८चं. तिथे धोतरातल्या म्हाताऱ्याला नातवाच्या वयाच्या डॉक्टरनं अरे-तुरे करावं आणि मागून तलाठी किंवा मास्तर आला की त्याला ‘बसा’ म्हणावं, यात कुणालाच काही वावगं दिसत नसे. तक्रार करावी असं हे काही आहे, हेच मुळात कुणाच्या डोक्यात नव्हतं.

ते डोक्यात आलं जीवनदायीच्या काळात.

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली. पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड असलेल्या कुटुंबाला तेव्हा वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मोफत होते. त्या आठांत नांदेड होतं, हिंगोली नव्हतं. म्हणजे शेजारच्या अर्धापूरच्या माणसाचं कार्ड नांदेडात चालायचं आणि त्याच रस्त्यानं, त्याच दवाखान्यात जाणाऱ्या वारंग्याच्या माणसाचं चालायचं नाही. २१ नोव्हेंबर २०१३ला योजना राज्यभर लागू झाली तेव्हा कुठे हा पंक्तिप्रपंच मिटला. पुढे मराठवाड्यासह चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही दार उघडलं. सालगड्याच्या हृदयावर खासगी रुग्णालयात शस्त्रक्रिया होऊ लागली. हे श्रेय नाकारणं कृतघ्नपणाचं ठरेल.

पण दार एक झालं आणि आत रांगा दोन झाल्या. खिडकीवरचा पहिला प्रश्न दुखण्याचा नसतो: ‘योजनेत, का कॅश?’ रोखीतल्या पेशंटच्या नातेवाइकांना केबिनमध्ये बोलावून फिल्म दाखवली जाते, धोका समजावला जातो. योजनेतल्या पेशंटचा मुलगा मंजुरी आली का, हे विचारत योजनेचा मदतनीस असलेल्या आरोग्यमित्राच्या टेबलाशी घुटमळतो. यामागे व्यवहार आहे. योजनेत प्रत्येक उपचाराचा दर ठरलेला, तो परवडत नाही आणि पैसे उशिरा येतात, ही रुग्णालयांची जुनी ओरड. ती खरी धरली तरी तो राग निघतो कुणावर? ज्यानं दर ठरवला त्याच्यावर नाही; खाटेवर पडलेल्यावर.

सरकारी दवाखान्याची सबब वेगळी: गर्दी. एका डॉक्टरपुढे एवढी माणसं, गोड बोलायला सवड कुठली? पण गर्दीनं चिडलेला माणूस सगळ्यांवर सारखाच चिडायला हवा. तसं होत नाही, हे आकडेच सांगतात. ऑक्सफॅम इंडियानं २०२१मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ३३ टक्के मुस्लिमांनी आणि वीस टक्क्यांहून अधिक दलित-आदिवासींनी दवाखान्यात भेदभाव सोसल्याचं सांगितलं. ३५ टक्के स्त्रियांची तपासणी पुरुष डॉक्टरनं खोलीत दुसरी बाई नसताना केली होती. ७४ टक्के लोकांना आजार न समजावताच चिठ्ठी किंवा तपासण्यांचा कागद हाती मिळाला होता.

न समजावण्याचं टोक मराठवाड्यानं बीडमध्ये पाहिलं. ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवर २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल, एवढ्या भीतीवर अनेकींनी अंगठा उठवला.

आणि मग ऑक्टोबर २०२३. नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालकं. औषधं बाहेरून आणायला लावल्याचं नातेवाईक सांगत होते. ३ ऑक्टोबरला हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील तिथे पोचले आणि त्यांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन स्वच्छतागृह साफ करायला लावलं. चित्रफीत देशभर फिरली. खासदारांवर ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला, डॉक्टरांनी निषेध केला. निषेध रास्तच होता; ज्येष्ठ डॉक्टरला असं वागवणं लाजिरवाणं. फक्त त्या गदारोळात सन्मान हा शब्द अधिष्ठात्यांसाठी आणि पदासाठी वापरला गेला. बाहेर जमिनीवर बसलेल्यांच्या वाट्याला आली ती हळहळ.

हक्क कागदावर नाहीत असं नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाची रुग्णहक्कांची सनद २०१८ची. महाराष्ट्रानं जानेवारी २०२१मध्ये नर्सिंग होमचे नियम सुधारून रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं खासगी रुग्णालयांना बंधनकारक केलं. माहिती मिळण्याचा, खासगीपणाचा, स्त्रीच्या तपासणीवेळी दुसरी बाई हजर असण्याचा हक्क त्यात आहे. फाट्यावरून गाडी करून निघालेली मंडळी मात्र अजून नात्यागोत्यातला कंपाउंडर किंवा ओळखीचा पुढारी शोधतात. फोन गेला की तोच डॉक्टर उठून येतो, आजार नीट समजावतो. सौजन्य येत नाही असं नव्हे. ते वशिल्यावर मिळतं.

२०१९पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वर्तन, नीती आणि संवाद हा भाग सक्तीचा आहे. हिंगोलीची पहिली तुकडीही तो शिकेल आणि २०२९च्या सुमारास इंटर्न म्हणून वॉर्डात उभी राहील. तिथे ती पुस्तकापेक्षा वरिष्ठांकडे बघून शिकणार. कळमनुरी तालुक्यातल्या आंध आदिवासी बाईला तपासण्याआधी पडदा ओढला का, काय करणार ते सांगितलं का, हे त्या वरिष्ठांना विचारण्याचं काम अधिष्ठात्यांचं आहे. त्यासाठी इमारत पूर्ण होण्याची वाट पाहावी लागत नाही.