आकाशाचा चित्रपट

अमावास्येच्या आसपासची निरभ्र रात्र आली की आम्ही वसतिगृहाच्या गच्चीवर कॅमेरा नेतो. आकाश डोळ्यांना स्थिर भासते. वस्तुतः पृथ्वीच्या परिवलनामुळे तारे तासाला सुमारे १५ अंश सरकतात. ही संथ गती दाखवावी कशी, याचे उत्तर आम्हांस दादासाहेब फाळके यांच्यापाशी मिळाले. ‘राजा हरिश्चंद्र’पूर्वी, १९१२ साली, त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने टिपून ती पडद्यावर काही क्षणांत घडविली होती. आमची रीत तीच. केवळ रोपाच्या जागी आकाश.

कॅमेरा तिवईवर घट्ट बसवावा, फोकस हाताने एखाद्या तेजस्वी ताऱ्यावर साधावा आणि प्रत्येक चित्रास २० सेकंद प्रकाश द्यावा. दर २४ सेकंदांस एक याप्रमाणे चार तासांत ६०० चित्रे होतात. सेकंदाला २५ या वेगाने ती अवघी २४ सेकंद चालतात! (एवढ्यासाठी जागरण कशाला, असे घरची मंडळी विचारतातच.) मात्र रोख उत्तरेकडे असेल, तर महाराष्ट्रातून क्षितिजावर जेमतेम १६ ते २२ अंश उंच दिसणाऱ्या ध्रुवाभोवती सारे आकाश फिरू लागते.

पहिल्या खेपेस भिंगावर दव साचून उत्तररात्रीची चित्रे धुरकट झाली. आता आम्ही भिंगाभोवती गरम केलेल्या तांदळाची पुरचुंडी बांधतो. दिव्यांचा उपाय मात्र आमच्या हाती नाही. माजी विद्यार्थ्यांनी पूर्वेस उगवताना पाहिलेला मृग आज रस्त्यावरच्या उजेडात फिकट दिसतो. निदान आपल्या मैदानावरील दिवे दहानंतर मालवावेत व उरलेल्यांना वरून झाकणे बसवावीत, अशी विनंती आम्ही व्यवस्थापनास केली आहे.