दरवर्षी ‘डोळे येत’ नसतात

ऊन तापू लागलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: “याला उष्णता होते, दरवर्षी डोळे येतात. मागच्या वेळचेच ड्रॉप्स घातले की बरं वाटतं.”

एकाच मुलाचे, ठरावीक मोसमात, दोन्ही डोळे लाल होतात आणि घरात दुसऱ्या कुणालाही लागण होत नाही, एवढ्यावरून तरी शंका यायला हवी! साथीचे डोळे घरभर पसरतात आणि बहुधा दोन-तीन आठवड्यांत बरे होतात. ही ॲलर्जी आहे, व्हर्नल केरॅटोकंजंक्टिव्हायटिस. साधारण ५ ते १५ वर्षांच्या वयात, त्यातही मुलग्यांमध्ये जास्त. मुख्य तक्रार खाजेची. डोळ्यांतून तार सुटणारा चिकट स्राव येतो, उजेड सोसत नाही. खरी खूण मात्र झाकलेली असते. वरची पापणी उलटली की आत फरसबंदीच्या दगडांसारखे उंचवटे दिसतात, काहींना बुबुळाच्या कडेला फुगवटा आणि त्यावर पांढरे ठिपके. पापणी उलटून न पाहता केलेलं निदान अर्धवटच.

आणि ते ‘गुणकारी’ ड्रॉप्स? त्यांत बहुतेकदा स्टेरॉइड असतं, म्हणूनच खाज झटपट थांबते. डॉक्टर ते मोजून देतात, डोळ्यातला दाब तपासत राहतात. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणून महिनोन्महिने घातलं तर दाब चढतो, बहुधा दुखतही नाही, आणि डोळ्याची नस सुकत जाते. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. शाळकरी वयात मोतीबिंदूही होतो. आजार बहुतेकांचा वयात आल्यावर शमतो. नजर मात्र बाटलीपायी जाते. याचा मला मनस्वी राग येतो. गार पाण्याच्या पट्ट्या, डोळे न चोळणं आणि ॲलर्जीचे साधे ड्रॉप्स एवढ्यावर सौम्य आजार आटोक्यात राहतो.

बाकी, साथीचे डोळे नुसतं पाहून येत नाहीत. हात आणि टॉवेल ती लागण नेतात. पांढऱ्या भागावरचा तपकिरी डाग मुलांत बहुधा तीळच असतो, कॅन्सर क्वचितच. फोटो काढून ठेवा, वाढला तर लगेच दाखवा. बुबुळाच्या कडेला लाली आणि मधोमध पिवळसर पुटकुळी आली, तर ती रांजणवाडी समजू नका; आपल्याकडे अशा मुलाची क्षयरोगाची तपासणी करायला हवी.

कानाकडच्या बाजूचा फेसाळ, पांढुरका डाग म्हणजे ‘फूल पडलं’ असं नव्हे. तो बिटॉचा डाग, अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेची खूण. संध्याकाळनंतर मूल अडखळतं का, ते विचारा. शाळेआधीच्या वयातल्या हजारात पाचांहून जास्त मुलांना हा डाग असला, तर जागतिक आरोग्य संघटना तो सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न मानते. सरकारी लसीकरणात ९व्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत या जीवनसत्त्वाचे ९ डोस मोफत मिळतात; पहिला गोवराच्या लशीसोबत दिला जातो, दुसरा १६ ते १८व्या महिन्यात, आणि त्यापुढचे सात दर सहा महिन्यांनी आठवणीनं घ्यावे लागतात.