कुठल्या रुळावर?

डोंबिवलीच्या पादचारी पुलावरून संध्याकाळी खाली पाहिलं की धीमी, जलद आणि मेल गाडी एकमेकींना घासून गेल्यासारख्या वाटतात. फेब्रुवारी 2022 मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, आणि ठाणे-कल्याण सहा रूळ झाले. शेजारच्या दोन रुळांत अंतर जेमतेम पाचेक मीटर. टक्कर टाळणाऱ्या कोणत्याही यंत्राची खरी कसोटी इथेच.

स्वित्झर्लंडमध्ये 2004 साली ग्लायडरसाठी ‘फ्लार्म’ हे असंच टक्कर टाळणारं यंत्र आलं. उपग्रहावरून ते आपली जागा ओळखतं, पुढच्या काही सेकंदांचा मार्ग मोजतं आणि आसपासच्या ग्लायडरना रेडिओवरून कळवतं. वर चढणाऱ्या उष्ण हवेत अनेक ग्लायडर एकत्र घिरट्या घालतात. नुसतं कोणी जवळ आलं म्हणून यंत्र कोकलू लागलं, तर वैमानिक ते बंदच करेल. म्हणून मार्ग छेदण्याची शक्यता असेल तरच ते वाजतं. मला यातली हुशारी गप्प राहण्यात दिसते.

आपल्याकडे 1999 मध्ये गैसलला दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. त्याच सुमारास कोकण रेल्वेच्या बी. राजाराम यांनी जवळपास याच तत्त्वावर ‘रक्षा कवच’ उभं केलं: उपग्रहावरून जागा, रेडिओवरून निरोप, धोका दिसला की आपोआप ब्रेक. एकेरी मार्गाला ही कल्पना छान बसते. पण उपग्रहाच्या मापातली काही मीटरची चूक समांतर रुळांवर घात करते. शेजारून सुखरूप जाणारी गाडी समोरून येतेय असं वाटलं, तर विनाकारण ब्रेक!

मुंबईच्या लोकलमध्ये वेगळी सोय आहे, एडब्ल्यूएस. सिग्नलपाशी रुळालगत चुंबक असतं. गाडी त्यावरून गेली की मोटरमनला इशारा मिळतो. काही सेकंदांत त्याने बटण दाबलं नाही तर ब्रेक लागतात. लाल सिग्नल ओलांडला तरी लागतात. रूळ ओळखण्याचा प्रश्नच नाही, कारण चुंबक त्याच रुळाचं. उणीव एवढीच, की दोन सिग्नलांच्या मध्ये पुढे काय घडलं ते त्याला कळत नाही.

2020 मध्ये देशभरासाठी स्वीकारलेल्या ‘कवच’ने दोन्हींचा मेळ घातला. स्लीपरवर बसवलेले टॅग गाडीला तिचा रूळ सांगतात, रेडिओ स्थानकाशी सतत बोलतो.

दिवा-कल्याणच्या सांध्यांवर मात्र त्याची तपासणी ऐन गर्दीच्या वेळेतच व्हायला हवी. इथे एक खोटा ब्रेक लागला की मागच्या गाड्या खोळंबतात, आणि कंटाळलेली माणसं डब्यातून उतरून रुळांवरून चालू लागतात. शेजारच्या रुळावरून तेव्हा जलद गाडी येत असते.